हाकेला आलेली

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! पाच महिन्यांनी मेकाँगचा गार वारा तोंडावर आला आणि जीव भांड्यात पडला. काठावरचे भाजीचे वाफे तसेच आहेत, खांबांवरची घरं तशीच, आणि जिन्याखाली पान चघळत बसलेली माझी खम्पाव म्हातारीही तशीच. सहा वर्षं मी या लाओसच्या गावात पोरांना फुकट इंग्रजी शिकवते आणि तिच्या घरी राहते. तिला मे म्हणते, म्हणजे आईच.

सप्टेंबरात बाबांना झटका आल्याचा फोन आला. पहाटे तशीच निघाले, कुणाचा निरोपही घेतला नाही. बाबा गेले. मिरजेचं घर भावाने विकायला काढलंय. आता माझं म्हणावं असं हे एकच गाव उरलं.

वाटलं होतं, मे गळ्यात पडून रडेल. तिने नुसतं वर बघितलं आणि म्हणाली, "कुंदा, कोरडी कशी तू? नदीवर अंघोळीला गेली होतीस ना?" म्हातारीला थट्टेची खोडच आहे मेली! चिकट भात आणि भाजलेला मासा दाबून खाल्ला.

४ फेब्रुवारी

पोरं शाळा डोक्यावर घेतील असं वाटलं होतं. कसलं काय! रोजच्यासारखी उभी राहिली आणि बसली. मी नववा धडा काढला तर खिदळायला लागली. म्हणे विसावा धडा चालू आहे. कुणी शिकवला विचारलं तर पुढच्या रांगेतली मनीचन फणकारली, "तुम्हीच की, बाई! परवा माझा कान पिळलात, विसरलात होय?"

वह्या उघडल्या. लाल शेरे माझ्याच अक्षरात. बरोबरच्या खुणेखाली टिंब द्यायची माझी सवय, तीसुद्धा. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

५ फेब्रुवारी

म्हातारीला फैलावर घेतलं, तेव्हा बोलली.

माणूस हबकून निघून गेला की त्याचं ख्वान, त्याचा प्राण, मागे भटकत राहतो. मग त्या माणसाला समोर बसवून प्राणाला हाका मारायच्या, आणि तो परतला की मनगटाला पांढरा दोरा बांधायचा. ही इथली जुनी रीत. मलाही दोनदा बांधलाय. पण मी नव्हतेच. यांनी परडीत माझं पोलकं ठेवलं, उकडलेलं अंडं आणि भात ठेवला, आणि तीन दिवस सगळ्या गावाने माझ्या नावाने हाका मारल्या. तिसऱ्या दिवशी मी जिना चढून आले म्हणे! अनवाणी.

माणूस समोर नसताना हाक मारू नये, दुसरंच काही ओ देतं, हे म्हातारीला ठाऊक होतं. "पण तुझ्यावाचून करमेना गं पोरी," म्हणाली.

माझी नाव काठाला लागली, तेव्हापासून ती नदीवर आहे. येईलच, म्हणे.

७ फेब्रुवारी

आली. ऐन जेवताना. माझंच निळं वस्त्र नेसून समोर बसली. मेने भात आधी तिला वाढला. मी किंचाळले, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, पाहुण्याने तमाशा केल्यावर बघतात तसे. तिची मनगटं दोऱ्यांनी भरलेली. माझी —

मला भीती वाटते. फार.

८ फेब्रुवारी

पोरं माझ्या हाकेला मान वर करत नाहीत. बांबूच्या जमिनीवर माझी पावलं वाजत नाहीत. पळून जावं म्हणून नावाड्याला हात केला — समोरून निघून गेला.

मेच्या पायाशी बसले. म्हटलं, खरी मी आहे गं. तिने डोक्यावरून हात फिरवला, रडली. म्हणाली, "ठाऊक आहे मला. पण ती एक दिवस आम्हाला सोडून गेली नाही. तू गेलीस."

उद्या गाव जमणार. एकीला ठेवायला, एकीला —

९ फेब्रुवारी

भर दुपार. सगळे दोरा धरून बसलेत. परडी माझ्यापुढे — वाटेची शिदोरी, म्हणे. या हाका नाहीत. जा म्हणतायत. सुखाने जा. किती मायेने — रडतायत सगळे —

पाय जिन्याकडे — मला नाही जायचं, तरी —

मेने आता नाव घेतलं. कुंदा. त्या दुसरीने ओ दिली. मीही दिली, जिवाच्या आकांताने — मे, मी इथे आहे — मे, इकडे ब—