प्रसाराचं माध्यम

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्मा मनातल्या मनात). तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही मजेत. वजनं वाढली आहेत, तक्रार नाही.

भाचा ‘सरकारी गवत मोजतो’ असं तू जगाला सांगत असतेस, म्हणून आधी आमचं खातं समजावून सांगतो. परमुलखातून येऊन इथे हातपाय पसरणाऱ्या आणि इथल्या झाडाझुडपांना जगणं नकोसं करणाऱ्या उपऱ्यांना आम्ही गुण देतो. किती पसरतं, किती नासधूस करतं, उपटलं तरी उगवतं का. ज्याला जास्त गुण तो नापास. यंदा देशभरातून माहिती गोळा झाली आणि वीसपैकी एकोणीस गुण मिळवून जांभळ्या फुलांची एक वेल पहिली आली. तीच गं, तुझ्या अंगणातली! निघालेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळून तू जिची फांदी ठेवतेस आणि वर ‘नाही म्हणू नकोस, कुठेही जगते’ असं बजावतेस, ती. (जगते, हे आता शास्त्राने सिद्ध झालं आहे. तीन नद्यांचे काठ तिने गिळले, खालचं एक झुडूप जिवंत ठेवलं नाही.)

मंगळवारच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लावला, त्यावर वेल सापडली तिथे तिथे लाल ठिपके, एकूण सतरा. ही पसरते कशी, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. भिंगवाल्या बाई (आमच्या वनस्पतितज्ज्ञ, भिंग गळ्यात घालूनच जेवतात) म्हणाल्या, बी धरत नाही, म्हणजे पक्षी नव्हे. ठिपके डोंगरापलीकडेही आहेत, म्हणजे पाणी नव्हे. सगळे डोकं खाजवत होते आणि मी एकेक ठिपका ओळखत होतो. डोंगरापलीकडे ताईचं सासर. तळ्याकाठी धाकट्या मामाची बदली झालेली. बंदराजवळ तुझ्या विहीणबाई. मावशी, तो देशाचा नकाशा नव्हता, आपला गोतावळा होता!

तक्त्यातला ‘प्रसाराचं माध्यम’ हा रकाना नेमका माझ्याकडे आला. खरं लिहावं तर मावशी जाते, खोटं लिहावं तर नोकरी. मी लिहिलं, ‘सस्तन प्राणी, प्रेमळ.’ साहेबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि प्राण्याचं नाव विचारलं. मग सांगितलं गं सगळं. रागावण्याऐवजी भिंगवाल्या बाई टाळ्या पिटायला लागल्या. म्हणाल्या, पक्ष्याला कुठे आठवतं, त्याने काय कुठे टाकलं ते? तुला मात्र सगळं आठवतं.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
गवतमोज्या

ता. क. : आजवर कुणाकुणाला फांदी दिलीस, त्याची यादी लगेच पाठव. त्या यादीच्या जोरावर नदीकाठचं रान वाचवायचं आहे. आणि तुझ्या अंगणातलीही उपटावी लागेल. हे वर लिहायला धीर झाला नाही.

आणखी एक : यादीत पहिलं नाव माझं लिही. मला नोकरी लागली तेव्हा दिलेली तुझी फांदी अजून माझ्या खिडकीत आहे. एकट्याच्याने उपटवत नाही. तू ये, दोघं मिळून उपटू. निघताना तुझ्या हातात मी एक फांदी ठेवीन, इथल्याच मातीतली, शून्य गुणांची. नाही म्हणू नकोस. फक्त ती कुठेही जगत नाही, रोज पाणी घालावं लागेल.