तिसऱ्या करवतीची चेन

१० जानेवारी
डोंगराखालच्या या गावात पाऊल टाकलं आणि सोयाबीनच्या गरम सूपचा वाडगा हातात पडला. सोक्चो शहरातली माझी खानावळ बंद केल्यापासून इतकं मोकळं वाटलं नव्हतं. किडीनं मेलेले पाइन पाडायचे, ओंडक्यांचे नंबरवार ढीग रचायचे आणि हिरव्या ताडपत्रीखाली औषधाच्या धुरीत कोंडायचे, असं इथलं काम. माझ्याकडे चार चेनसॉंची, म्हणजे इंजिनाच्या करवतींची देखभाल. प्यो मुकादमांनी चेन बदलायला शिकवलं. झाकणाचे दोन नट सैल करायचे, वरचे दात टोकाकडे तोंड करून चेन करवतीच्या लांब पट्टीवर बसवायची, मग पट्टीचं टोक उचलून धरत ताणाचा स्क्रू फिरवायचा. चेन खाली लोंबायला नको, पण हातानं ओढली तर सरकायला हवी. मग नट घट्ट. मी म्हटलं, एवढंच? ते हसले. "गी-सुकबाई, हा आमटीचा डाव नाही. बोटं जातील!"

१३ जानेवारी
तिसऱ्या करवतीची चेन सकाळी लोंबत होती. काल मीच ताणली होती. ही करवत माझ्या आधीच्या ब्योनची. तो काम सोडून शहरात गेला म्हणे. मुकादमांचा टोमणा: "भात ढवळणारे हात, नट काय आवळणार!" रागारागानं पुन्हा ताणली.

१४ जानेवारी
पुन्हा सैल. आणि गरम. बाहेर उणे अकरा, तरी पट्टीला हात लावला तर चटका बसला. कापून कापून तापली की चेन सैल पडते, पण रात्री शेडची किल्ली माझ्याकडेच असते. झाकणात ओला भुसा गच्च. वर डोंगरावर अठ्ठाविसाव्या ढिगाची ताडपत्री फाटलेली, ओंडक्यांचे तुकडे विखुरलेले. मुकादम म्हणाले, रानडुकरं. रानडुकरं करवत चालवतात का, असं विचारलं तर अंगावर खेकसले.

१५ जानेवारी
एकोणतिसावा ढीगही फाटलेला. मुकादमांनी ती चेन काढून घरी न्यायला सांगितलं. नेली. ते सारखे वर बघत होते.

१६ जानेवारी
चेन माझ्या पिशवीतच होती. सकाळी तिच्या दातांत ताजा भुसा. तिसावा ढीग उघडा.
मुकादम जेवले नाहीत. मला शेडमागे नेऊन बोलले — ब्योन शहरात गेलेला नाही. चेन झिजलीय, बदलून द्या, असं तो म्हणाला होता. हे म्हणाले, आजचा दिवस काढ. दुपारी चेन तुटून त्याच्या मानेवर बसली. तीच चेन नंतर सांधून घेतली. आणि यांनी त्याला — एकतिसाव्या ढिगात —
पोलिसांना सांगा, म्हटलं. म्हणाले, "उद्या. आजचा दिवस काढू दे."

१७ जानेवारी
मुकादम आधीच वर गेलेत. पोलिसांना मी फोन केला. म्हणाले, रस्त्यावर बर्फ आहे, तास लागेल. इथं शेडमध्ये तिसरी करवत नाही. चेन माझ्या मांडीवर आहे. चेनशिवाय करवत कापत नाही.
वर कापणं चाललंय.

मुकादम ओरडतायत. ब्योनची माफी मागतायत —

आता काहीच नाही.

चेन तापलीय.

दारात कुणीतरी उभं आहे. लख्ख ऊन आहे, नीट दिसतंय. मान एका अंगाला कललेली. करवत माझ्यापुढे धरलीय. अगदी हळू, अदबीनं म्हणतोय, बाई, नवी चेन घालून देता? अजून एकच दिवस काढायचाय —