आक्काने सोडलेलं कडवं

धाकटे,

मधल्या ताईचा तुला भरभरून आशीर्वाद. मी आक्काच्या गावी सुखरूप पोचले. गुडघे कुरकुरतात, पण जागेवर आहेत. तुझी सून फोनवर म्हणाली, आक्का गेल्यापासून तू देवळात गातच नाहीस. जेवतेस तरी का?

काल इथे आक्काची स्मरणसभा झाली. चर्चच्या पाळकांनी तिचं इतकं गुणगान केलं की वाटलं, चुकून दुसऱ्याच बाईच्या सभेला आले. म्हणाले, दुखण्यातही तिने देवाकडे तक्रार केली नाही. खरंय, तक्रारी सगळ्या माझ्याकडे यायच्या!

मग तिच्या गाण्याची टेप लावली. शेवटच्या कडव्याला ती नेहमीसारखी थांबली. आठवतं ना, म्हणायची, "माझा गळा देवाला पाठ झालाय, आता तुमचा ऐकू दे." नुसती पेटी वाजत राहिली आणि सगळे रुमालात तोंड खुपसून बसलेले. म्हटलं, तिचं कडवं असं वाया घालवायचं? मीच उठून गायले. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं, पाळकीणबाई दचकल्याच. पण मग एकेक करत सगळी मंडळी गायली.

या रविवारी तूही गा. रडत गायलीस तरी चालेल. माझं रेकणं देवाने ऐकून घेतलं, तुझा तर गोड गळा आहे.

तुझीच,
मधली ताई