गाडी रिकामी

बुधवार, २ एप्रिल
लागले एकदाची कामाला! पेठ वडगावातून निघताना आईनं हातावर दही ठेवलं, बाबांनी नेहमीचा उपदेश केला : आपल्याकडं दुसरं काय न्हाई, शब्द हाय, तेवढा सांभाळ. कळंब्यात शालनआत्याकडं राहायची सोय झालीय. तिच्या घरापासून सीएनजी पंप चालत दहा मिनिटं.

गणवेश सुती मिळाला. टेरिकॉट घासलं की ठिणगी उडते म्हणे. मोबाईल आत कपाटात, कुलपात. ही खिशातली डायरी चालेल का, असं विचारलं, वर म्हटलं की हिला बॅटरी नसते. शिफ्ट सांभाळणारे अण्णासोकाका हसले.

माझं काम सोपं आहे. इंजिन बंद करायला लावायचं, सगळ्यांना खाली उतरवायचं, वाकून मागच्या सीटपर्यंत बघायचं. मग टपावर दोन थापा मारून ओरडायचं, "रिकामी!" त्यानंतरच माझ्या जोडीचा विश्वजित गॅसची नळी जोडतो. टाकी बसणाऱ्यांच्या पाठीशीच असते, काही झालं तर दार उघडायलाही वेळ मिळत नाही. काकांनी तीनदा बजावलं, "डोळ्यानं बघितल्याबिगर त्वांड उघडायचं न्हाई, पोरी."

गंमत म्हणजे काका स्वतः गाडीजवळ फिरकत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलतानाही नजर जमिनीवर. विश्वजित म्हणतो, कंबर धरलीय त्यांची, वाकता येत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल
लोक जीव देतील, पण सीट सोडणार नाहीत. एक नवरी ओली मेंदी दाखवून उतरेना. एक काका गुरगुरले, "आम्ही काय पैल्यांदा भरतोय व्हय?" म्हटलं, भरत नसाल पहिल्यांदा, पण जळाल ते पहिल्यांदाच की. मुकाट उतरले. विश्वजित खो खो हसला. मला हे काम आवडायला लागलंय.

रविवार, ६ एप्रिल
जोतिबाहून परतणाऱ्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. सगळे गुलालानं माखलेले आणि सगळ्यांनाच घाई. दुपारी बाराला एक करडी व्हॅन आली, काळ्या काचांची. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला ड्रायव्हर उतरला आणि पाठ करून लांब उभा राहिला. मागचे हॉर्न थांबेनात. उन्हानं डोकं गरगरत होतं. मी वाकले नाही. दोन थापा मारल्या आणि ओरडले, "रिकामी!"

गॅस भरून व्हॅन हलली, तेव्हा मागच्या काचेला आतून एक तळहात टेकला. त्यामागं म्हातारीचा चेहरा होता.

काही झालं नाही, नशीब. पण माझा शब्द खोटा पडला. कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून इथं लिहितेय.

सोमवार, ७ एप्रिल
बरोबर बाराला तीच व्हॅन. काल टाकी भरली होती, आज पुन्हा रिकामी कशी? या वेळी काचेला नाक लावून बघितलं. हिरव्या लुगड्यातली आजी, दोन्ही हातांनी गुडघे धरून बसलेली. मी म्हटलं, आजी, उतरा की. तिनं आतून दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही.

ड्रायव्हर वळूनही बघेना. विश्वजितला बोलावलं. त्यानं डोकावलं आणि म्हणाला, "कोण न्हाई की गं. ऊन लागलंय तुला." मी रिकामी म्हणायला साफ नकार दिला. शेवटी त्यानंच थापा मारल्या.

मंगळवार, ८ एप्रिल
लेन बदलून मागितली. व्हॅन नव्या लेनमध्ये आली. काल आजी सीटच्या मधोमध होती. आज सरकून बसलीय. शेजारी एका माणसापुरती जागा झालीय.

गुरुवार, १० एप्रिल
काकांना सगळं सांगितलं. करडी व्हॅन म्हटल्यावर त्यांनी चहा खाली ठेवला.

तीन वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका पंपावर माझंच काम करायचे. अशीच करडी व्हॅन आली. मागं बसलेल्या आजीचे गुडघे धरलेले, तिचा मुलगा म्हणाला बसू दे. काका गर्दीत वाकले नाहीत, रिकामी म्हणून मोकळे झाले. कुठंतरी गळती होती, गाडी पेटली. मुलगा तिला काढायला धावला, तोही गेला. मागच्या दाराला लहान पोरांसाठीचं लॉक होतं, आतून उघडतच नव्हतं. "तिनं काचंतनं माझ्याकडं बघितलं, पोरी. तवापास्नं मी कुठल्याच गाडीत बघत न्हाई." कंबर ठणठणीत आहे त्यांची.

म्हणाले, नोकरी सोड, घरला जा. मला फार भीती वाटतेय. जाते.

शुक्रवार, ११ एप्रिल
एसटी धरायला निघाले. पाठीमागून व्हॅन आली, माझ्या पावलाच्या वेगानं चालू लागली. मागचं दार अर्धवट उघडं. पळत आत्याकडं आले. तिला रस्त्यावर काहीच दिसलं नाही.

घरी जाता येत नाही. इथं राहवत नाही. पण ते दार बाहेरून उघडतं, हे आज बघितलं. तिला कुणी उतरवलंच नाही, एवढंच असेल ना? मी उतरवते. माझा शब्द मीच खरा करते.

शनिवार, १२ एप्रिल
आज यात्रा. रांगेला शेवट नाही.
आली.
दार उघडलं! आजी म्हणाली, सीटचा पट्टा अडकलाय. हात पुरेना, एक पाय आत टाकला, मग दुसरा—

दार लागलंय.
मूठ नुसतीच हलते. पुढच्या सीटवर जाता येत नाही, पट्टा माझ्या कमरेला आहे. मी बांधला नाही.
आजी बाहेर उभी आहे. सावलीत. ताठ, गुडघे न धरता.
काचा काळ्या, बाहेरून काही दिसणार नाही, चिकटून बघितल्याशिवाय. मोबाईल कपाटात. ओरडतेय, पण हॉर्न—

विश्वजित नळी घेऊन उभा आहे. माझ्या नावानं हाका मारतोय. इथंच आहे मी, इथं—
लोक चिडलेत. कुणीतरी काकांनाच ओढून आणलं. काका आले! आले माझ्या काचेपाशी.
बाबा, मी शब्द राखायलाच—
काका, वाका. एकदाच. वाका की हो—
जमिनीकडं बघतायत.
टपावर थाप.
दुसरी.
त्यांनी तोंड उघ