गव्हर्नरचं खुणेतलं नाव

प्रिय मात्वेय,

आठ वर्षांत तुझी दोन कार्डं आली, दोन्ही आईच्या नावानं. त्यामुळे माझ्या पत्राला उत्तर येईल अशी आशा ठेवून लिहीत नाहीये. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. यंदा बटाटे छान आले. खारवायच्या कोबीचं पिंप एकटीनं भरलं तिनं, मला हात लावू दिला नाही.

मी अजून तेच काम करते. गव्हर्नर बोलतात आणि टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहून मी ते हातांनी सांगते. तुझ्या वेळचे गव्हर्नर मॉस्कोत वरच्या जागेवर गेले आणि तिकडूनच वदीम किरीलोविच आले. आपल्या बहिऱ्या मंडळींची रीत तुला ठाऊकच आहे, नवा माणूस आला की महिन्याभरात त्याला खुणेचं नाव मिळतं. यांचं नाव ठेवलं फाइना सेम्योनोव्नानं, बहिऱ्यांच्या क्लबात शिवण शिकवते ना, तिनं. मनगटावर दोन बोटं टेकवायची, झालं. प्रक्षेपणात मीही तीच खूण करायचे. अख्खं नाव अक्षर-अक्षर बोटांनी लिहायला वेळ कुठे असतो?

गेल्या महिन्यात सभागृहाच्या बैठकीत चहाची सुट्टी झाली, तेव्हा वदीम किरीलोविच सरळ माझ्याकडे चालत आले. मागोमाग त्यांच्या प्रसिद्धी सचिव. म्हणाले, काल आपलंच भाषण आवाज बंद करून पाहिलं. माझं नाव आलं की दरवेळी तुमचा हात मनगटावर जातो, तो का? मी सांगितलं की तेच तुमचं खुणेतलं नाव, घड्याळ. त्यांना मजा वाटली. घड्याळ कशाला, मी वेळ पाळतो म्हणून? सचिवबाई त्यांच्या पाठीमागून मला मान डोलावून दाखवत होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मी म्हणाले, "नाही. लोक बोलत असताना तुम्ही घड्याळ बघता म्हणून."

ते रागावले नाहीत, मात्वेय. त्यांनी विचारलं, कुणी ठेवलं? मी फाइनाचं नाव सांगितलं. मला भेटेल का ती?

गुरुवारी ते खरंच क्लबात आले. फाइनानं चहा आणि कोबीचं सारण भरलेल्या पिरोग्या ठेवल्या होत्या. त्यांनी तर प्रश्नांचा सपाटाच लावला. खुणांमध्ये कुजबुजता येतं का? स्वप्नात हातांनी बोलता का? आणि भांडताना वीज गेली तर? फाइना म्हणाली, भांडण सकाळवर ढकलतो. ते मनापासून हसले. मग तिनं तिचा एकच प्रश्न विचारला, आमच्या पोरांची वसतिशाळा का बंद करताय? ते सांगू लागले, तेवीसच मुलं आहेत, नव्वद किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत त्यांची सोय करतोय. यावर म्हातारा सुतार प्रोखोर उठून बोलायला लागला, की तिथे एकाही शिक्षकाला खुणा येत नाहीत, पोरं भिंतीकडे बघत बसतील. आणि तेवढ्यात वदीम किरीलोविचांची नजर मनगटावर गेली. अख्खा क्लब हसला. आपली माणसं हसली की केवढा आवाज होतो, तुला सांगायला नको. काय झालं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सांगितल्यावर कानापर्यंत लाल झाले, पण बसले, प्रोखोरचं सगळं ऐकेपर्यंत. निघताना फाइनाला म्हणाले, हे नाव बदलता येईल का? ती म्हणाली, "हुकूम काढून बदलत नाही ते. दोन-तीन वर्षं बघू."

शाळा वाचली असं समजू नकोस. निर्णय फक्त लांबणीवर पडलाय. मार्चमध्ये सभागृहात सुनावणी आहे आणि त्या शाळेत शिकलेल्या एकाला बोलू देणार आहेत. क्लबानं एकमतानं तुझं नाव दिलं. तू हो-नाही ठरवण्याआधी तुला एक सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

आठ वर्षांपूर्वी बहिऱ्यांचा कारखाना बंद करायचा म्हणून बैठक झाली होती, त्या दिवशी तू तेव्हाच्या गव्हर्नरांना खुणांनी म्हणालास, "तुम्ही आम्हाला माणसांत धरत नाही. मला तुमची लाज वाटते." सगळ्यांसमोर. आणि तुझं बोलणं सांगताना मी माईकवर म्हणाले, "आमच्या अडचणींचा विचार व्हावा, ही नम्र विनंती." नोकरी नवी होती, मी घाबरले. माझी ती विनंती ऐकून ते हसले आणि उठून त्यांनी तुझा हात हातात घेतला. तुला वाटलं, सगळं ऐकूनही हा माणूस आपली थट्टा करतोय. त्याच आठवड्यात तू घर सोडलंस. त्यांच्यापर्यंत तुझं बोलणं पोचलंच नव्हतं रे. ते मी पोचू दिलं नाही. मार्चमध्ये ये. शेजारच्या प्रदेशातल्या एका दुभाषी बाईंशी मी बोलून ठेवलंय. त्या तुझा एकही शब्द बदलणार नाहीत. मी मागच्या रांगेत बसेन, आणि तुला नको असेल तर तिथेही नाही.

तुझी बहीण,
रिम्मा