आखाजीची सायकल

नाना, आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सुना माहेरी गेल्यात, घरात मी एकटीच, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि माझा राग बघा, अजून ताजाच. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी. देवपुरातल्या शाळेतल्या आम्ही तिघी मैत्रिणी सासरहून आलेलो, आणि ठरवलं की झोके बाकीच्यांनी घ्यावेत, आपण पांझरेच्या काठाने वरच्या बंधाऱ्यापर्यंत सायकलींवर जायचं. त्या दोघींनी भावांच्या सायकली मागून आणल्या. माय कपाळाला हात लावून म्हणाली, "बठ्ठं गाव देखी." सगळं गाव बघेल, याचीच तिला धास्ती. तुम्ही मात्र ओसरीवर बसून तुमच्या सायकलीचं पंक्चर काढत होता. लढाईचे दिवस, नवी ट्यूब मिळायची कुठे! ऊन चढायच्या आत घरी ये, एवढंच म्हणालात.

काय सकाळ होती ती! नऊवारीचा काचा घट्ट मारलाय, वाटेवर निंबाचा मोहोर पडलाय, नदीत पाण्याची बारीक धार, आणि कुणी हटकणारं नाही. बंधाऱ्यावर पाण्यात पाय सोडून आम्ही डांगर, म्हणजे पिकलेलं खरबूज, फोडलं, आणि पहिली फोड तोंडात घालताच मला रडू कोसळलं. बोदवडकडच्या त्या घरात विहिरीवर जायचं तरी नणंद सोबत लागते, वर्षभरात मी रस्ता म्हणून पाहिला नाही, आता परत जाणार नाही, असं सगळं भडाभडा बोलून टाकलं. मैत्रिणी म्हणाल्या, तुझे नाना इतरांसारखे नाहीत, त्यांना सांग. मलाही तेच वाटलं. मला सायकल शिकवणारे तुम्हीच ना! येताना मी अशी हाणली की त्या दोघी पार मागे राहिल्या.

घरी येते तर ओसरीवर दीर बसलेला. न्यायला दोन दिवस आधीच हजर! मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. तुम्ही त्याच्यासाठी तांब्यात पाणी घेत होता.

"नाना, मला तिकडे नका पाठवू. जीव गुदमरतो माझा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. "बाई, तुझ्या पाठच्या दोघी बहिणी उजवायच्या आहेत," म्हणालात आणि पाणी घेऊन बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तुमची ती सायकल माझ्याबरोबर गाडीच्या सामानाच्या डब्यात चढवलीत. नाना, कमाल केलीत हो तुम्ही! त्या घरात सून सायकल चालवणार होती? दिराने ती कापसाच्या जिनावर कामाला जायला घेतली. मी पुसून द्यायची. तुम्ही मात्र पुढे जन्मभर पायी कचेरीत गेलात, हे मला मायने सांगितलं तेव्हा तुमचा आणखीच राग आला.

धाकट्या दोघी चांगल्या घरी पडल्या, एक तर सोनगीरला, हाकेच्या अंतरावर. त्यांच्यावर माझा राग नाही. हा कागद सुनांच्या हाती लागायला नको, आत्ता चुलीत घालते. पण खरं सांगते, तुम्ही "राहा" म्हणाला असतात तरी मी गेलेच असते. त्या धाकट्या दोघी मलाही दिसत होत्या. तरी एकदा म्हणायचं होतंत, नाना.