तिसऱ्यात सुटणाऱ्या पिकअपची वारस

मी, खाली सही करणारी, लॉन्ड्रीची मालकीण, आज इस्त्रीच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणास शंका असल्यास त्याने माझ्याशी थोडा वेळ बोलून पाहावे, शंका फिटेल. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. "आई, आत्ता कशाला हे अभद्र?" असे चिरंजीव म्हणाले, पण त्याला मी दडपण समजत नाही. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, "वयोमानानुसार चालायचंच." असल्या गोड आवाजात बोलणाऱ्या माणसांवर माझा विश्वास राहिलेला नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

खरे सांगायचे तर घर, ठेव, भांडीकुंडी यांच्यासाठी मी एवढी शाई खर्च केली नसती. मागच्या आठवड्यात माझ्या सुनेने पिकअपची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवली आणि म्हणाली, "आई, मला नाही जमत गाडी. ह्यांनाच चालवू दे." तिने पुन्हा गाडी चालवावी, यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीचे आधी उरकून घेते.

कलम एक. घर म्हणजे खाली लॉन्ड्री आणि वर दोन खोल्या. माझ्यामागे माझे यजमान तहहयात इथेच राहतील. खिडकीजवळची खुर्ची त्यांची आहे, ती "जरा तिकडे सरका बाबा" म्हणून कोणी हलवायची नाही. त्यांच्यानंतर घर चिरंजीव आणि सून यांचे, निम्मे निम्मे, दोघांच्या नावाने.

कलम दोन. बँकेत जे असेल ते लेकीला. ती लांब असते, आमच्या भांडणांत नसते, आणि रोज फोन करते.

कलम तीन. वाफेची मोठी इस्त्री माझ्याबरोबर उभे आयुष्य इस्त्री करणाऱ्या मावशींना द्यावी. त्यांचा खांदा त्या इस्त्रीपायी गेला, निदान इस्त्री तरी त्यांची असू दे. नणंदबाईंना मी काही ठेवत नाही. "बायकांनी गाडी चालवली की असंच व्हायचं," हे त्यांचे वाक्य मात्र माझ्यापाशी पडून आहे, ते त्यांना सन्मानाने परत करते.

कलम चार. पिकअप.

ही गाडी मी माझ्या कमाईतून, माझ्या नावावर घेतली. तेव्हा आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्ध्या बाजाराच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. लांब वेलांटी काढताना श्वास धरून ठेवायचे आणि पुरी झाली की असा काही सोडायचे, की खाली शिडी धरणाऱ्यालाही हायसे वाटावे. गाडी मी चालवायची. दवाखान्याच्या चादरी, लॉजचे टॉवेल, सकाळी मळके आणायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन पोचवायचे. मला गाडी चालवायला आवडायचे. काच खाली करून, कोपर बाहेर काढून, मोठ्याने गाणे म्हणत मी जायची. एवढा आनंद मला दुसऱ्या कशात कधी झाला नाही, हे यजमानांनी वाचले तरी चालेल.

गाडी नवी कोरी असतानाच तिची कुरकुर सुरू झाली. माल भरून दवाखान्याच्या चढावर गेले की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. दांडा तळहातावर फटकन आपटायचा, गाडी न्यूट्रलमध्ये यायची, इंजिन नुसते बोंबलत राहायचे. तापले की तेही बंद. मग मी रस्त्याच्या कडेला उभी, मागे पांढऱ्याशुभ्र चादरींचे गठ्ठे, आणि येणारा जाणारा काळा धूर बघून नाक मुरडणार.

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एक टायवाला बसायचा.

"नवीन गाडी आहे ताई, हळूहळू बसेल," तो म्हणाला.

"बसेल कसली? गिअर उठून बाहेर येतोय!"

"घरी चालवतं कोण?"

"मीच."

"अच्छा," तो म्हणाला. त्या "अच्छा"ने माझा घात केला. मग गाडी रिकामी करून तो सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आला. "बघा, काही नाही. राग मानू नका, बायकांचा पाय क्लचवर टेकलेला राहतो. नकळत. साहेबांना चालवू द्या थोडे दिवस." मी सांगितले होते, तिसरा गिअर सुटतो. त्याने कागदावर लिहिले, ग्राहकास गिअर नीट टाकता येत नाही.

मी तिथे पुन्हा पुन्हा गेले. दरवेळी तेच. तिथे एक लांब बाक होता. त्यावर माझ्यासारखेच पिकअपवाले बसलेले असायचे. बर्फवाले असायचे, गादीवाले असायचे. तीच गाडी, तेच बनवणारे. आम्ही उन्हाबद्दल बोललो, डिझेलबद्दल बोललो, एकमेकांच्या मुलांच्या शाळांबद्दलसुद्धा बोललो. "काय झालंय गाडीला?" असे मात्र कोणी कोणाला विचारले नाही. विचारलेच तर "काही नाही, किरकोळ," म्हणून दुसरीकडे बघायचे. मीही तसेच म्हणायची. माझ्या पायाचा दोष चारचौघांत कशाला सांगू?

एकदा चढावर गाडी बंद पडून मागे घसरली आणि गठ्ठे रस्त्यावर आले. दवाखान्याने ताकीद दिली. त्या दिवशी हेही माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आले होते. टायवाल्याने त्यांच्याकडे बघून तेच पुराण पुन्हा लावले. हे मला म्हणाले, "अगं, मी चालवतो थोडे दिवस. तू दुकान बघ." मी त्या काउंटरवरच किल्ली त्यांच्या हातात दिली. हातावर निळा रंग वाळलेला होता, कुठलीतरी पाटी अर्धी टाकून आले होते.

ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मी इस्त्रीपाशी उभी राहिले ती राहिलेच. ते पहाटे निघायचे, दमून यायचे, पाट्यांची कामे "पुढच्या आठवड्यात" म्हणून ढकलायचे. शेवटी लोकांनी विचारणेच सोडले. मी रोज विचारायची, "गाडी कशी आहे?" ते म्हणायचे, "ठीक आहे." त्या "ठीक आहे"ने मला पक्के पटले, की दोष माझ्या पायात होता. रात्री पाठ टेकली की मी पांघरुणाखाली डावा पाय हलवून बघायची, हा कुठे टेकून राहतो म्हणून. आता हसू येते. तेव्हा येत नव्हते.

मग बऱ्याच वर्षांनी एका खाजगी गॅरेजात सगळे उलगडले. इंजिनाचे तेल गळत होते म्हणून आम्ही दोघे गेलो होतो. बर्फवाले आधीच गाडी लावून उभे होते, पाठोपाठ गादीवाले आले. गॅरेजवाला गाडीखालून बाहेर न येताच ओरडला, "तुमची पण तिसऱ्यात सुटते का हो?"

मग बर्फवाले खाली मान घालून म्हणाले, "सुटते. पण ते आमच्या बर्फाचं पाणी झिरपतं ना खाली, त्यानं. तसं सांगितलं होतं मला."

"कोणी सांगितलं?"

"तो टायवाला."

गादीवाले म्हणाले, "अहो, मला तर म्हणाला, तुमची ताडपत्री वारा धरते, म्हणून चढाला ओढत नाही आणि गिअर सुटतो."

"आणि मला म्हणाला, पाय," मी म्हणाले.

प्रत्येकाला ज्याचा त्याचा दोष मापून शिवून दिला होता. गादीवाले तर पोट धरून हसायला लागले. मीही हसले. आणि मग शेजारून हे हळूच म्हणाले, "माझ्या हातूनपण सुटायची."

मी गर्रकन त्यांच्याकडे वळले. "कधी?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, आपला हात ब्रशाचा, आपल्याला गाडी नीट येत नाही. तू एवढी छान चालवायचीस. तुला काय तोंडानं सांगू? चढावर मी दुसऱ्यातच नेतो. तिसरा टाकतच नाही."

एका छपराखाली, एका बशीत बिस्किटे बुडवून खाणारी आम्ही दोन माणसे. तिकडे त्यांना लाज, इकडे मला लाज, आणि दोष एका लोखंडाच्या डब्याचा! त्या बाकावर एकाने जरी तोंड उघडले असते, किंवा आमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांपैकी कोणी, तर मी रस्त्यावर असते आणि ते शिडीवर. मला याचे फार वाईट वाटते. सुंदर अक्षर असलेला माणूस चादरींच्या फेऱ्या मारत म्हातारा झाला, आणि जिला फेऱ्या मारायच्या होत्या ती उशांचे अभ्रे मोजत बसली.

मी तडक त्या टायवाल्याला जाब विचारायला गेले. तिथे आता बाथरूमच्या फरश्यांचे दुकान आहे. विक्रेता म्हणाला, "काय दाखवू मावशी?" मी म्हणाले, "काही नाही, किरकोळ." घरी येऊन पाहते तो यजमानांनी ब्रश काढले होते. ब्रशांचे केस कडक झाले होते, आणि त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. एक उभी रेघ काढली, ती त्यांना सरळ दिसली. मला नाही दिसली. मी "छान आहे" म्हणाले.

गॅरेजवाल्याने कुठलेतरी भाग बदलून दिले. काही दिवस बरे जायचे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग सून घरात आली. लायसन्स घेऊनच आली पोरगी. काच खाली, कोपर बाहेर. ती गेटातून निघाली की मी हातातली इस्त्री उभी करून ठेवायची आणि गाडी वळेपर्यंत बघायची.

मागच्या आठवड्यात त्याच चढावर तिचा गिअर सुटला, इंजिन बंद पडले, गाडी मागे येऊन भिंतीला घासली. चिरंजीव घरी येऊन तिला म्हणाले, "तुझा पाय क्लचवर राहतो गं. तुला कळत नाही."

ते कुठल्या टायवाल्याला कधी भेटलेले नाहीत. मग हे वाक्य त्यांच्या तोंडी आले कुठून, देव जाणे. मी म्हणाले, "अरे, गाडीच तशी आहे." तर म्हणाले, "आई, तू तिची बाजू घेऊ नकोस." म्हणजे तोंडी सांगण्यात अर्थ नाही. सबब लेखी देते.

माझ्यामागे पिकअप पूर्णपणे सुनेची. चिरंजीवांचा गाडीवर, स्टिअरिंगवर आणि सल्ल्यावर कोणताही हक्क राहणार नाही. त्यांनी शेजारी बसावे, खिडकीबाहेर बघावे. माल भरलेला असताना चढावर तिसरा सुटतो आणि तापल्यावर इंजिन बंद पडते. हे दोन्ही दोष गाडीचे आहेत, सुनेच्या पायाचे नाहीत, असे मी, ही गाडी चालवलेली, जाहीर करते. तिला गाडी विकायची झाल्यास खुशाल विकावी. मात्र घेणाऱ्याला दोष सांगून विकावी. कोणी तिला तिचीच चूक दाखवायला लागला, तर तिने आधी शेजाऱ्याला विचारावे, "तुमचीपण अशीच करते का?" आणि न लाजता विचारावे.

येथवर लिहून झाल्यावर मी साक्षीदारांना बोलावले. वारसांनी साक्ष द्यायची नसते, म्हणून बर्फवाले आणि गादीवाले आले. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, पण मला तेवढा धीर नव्हता. मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. चिरंजीव दारात उभे होते. चौथ्या कलमाच्या मध्यावर ते खाली बसले. यजमान खिडकीकडे तोंड करून होते, पण ऐकत होते. सून उभीच होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मला तुमच्यामागे नको गाडी."

एवढे लिहिलेले पाण्यात गेले असे वाटले.

"मग?" मी विचारले.

"मला आत्ता हवी. तुम्ही आहात तोवर. उद्याच्या फेरीला."

मला त्या दिवशी काउंटरवर नेमके हेच म्हणायचे होते. मला हवी, आत्ता हवी, माझी आहे. एवढे साधे शब्द जिभेवर आले नाहीत आणि दोन माणसांची आयुष्ये इकडची तिकडे झाली. पोरीने ते उभ्या उभ्या म्हणून टाकले. मला रडू आले, ते मी इथे लपवत नाही.

सबब दुरुस्ती. कलम चार मी खोडत नाही, चिरंजीवांनी ते पुन्हा वाचावे म्हणून तसेच ठेवते. पण त्यातली वाटणी आजपासून रद्द. पिकअप आजच सुनेच्या नावावर करून देण्यात येत आहे. यजमान म्हणाले, "त्याचे कागद आणायला मी जातो." तेव्हा माझ्यामागे ही गाडी कोणी माझ्या मिळकतीत शोधू नये. मी जाईन तेव्हा ती माझी नसेल, रस्त्यावर असेल.

सही: लॉन्ड्रीची मालकीण

साक्षीदार: बर्फवाले, ज्यांच्यासमोर वाचन आणि सही दोन्ही झाले
साक्षीदार: गादीवाले, ज्यांच्यासमोर वाचन आणि सही दोन्ही झाले

ठिकाण: लॉन्ड्री, इस्त्रीचे टेबल
दिनांक: सोमवार, दुकानाच्या सुट्टीचा दिवस, तारीख सहीखाली साक्षीदारांनी घातली आहे